मानशीचा चिरा

१

बाळंतिणीच्या खोलीला वास असायचाच. ओव्याची धुरी, कोमट खोबरेल, दोरीवर वाळणारे लंगोट, आणि या सगळ्यांवर दुधाचा गोडसर, किंचित आंबूस वास. नाक मुरडणारे मुरडोत, हौसाला त्या वासानं भरून यायचं. हा वास तिच्या वाट्याला पूर्वी एकदा आला होता आणि दीड महिन्यात पुसून गेला होता.

पहिली मुलगी माहेरी झाली होती, गडहिंग्लजकडे. तेव्हा अंगावर दूधच उतरलं नाही. मेथ्या झाल्या, खसखस झाली, शतावरी झाली, देवाला नारळ झाले. पोर वाळत वाळत गेली आणि एका सकाळी रडायची थांबली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. हौसाचं तर दुधावाचून पोळलं होतं. त्यानंतर तिनं कुणाचं बाळ मांडीवर घेतलं नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला तिची सासू वत्सला हटून बसली. "आता बाळंतपण हंयच. माझ्या डोळ्यांम्होरं," ती म्हणाली. गोव्यातल्या चोपडं गावचं ते घर दोन खोल्यांचं. बाळंतिणीला आडोसा कुठून आणायचा? तेव्हा हौसाच्या नवऱ्यानं, बाबाजीनं, नदीच्या अंगाला मागं एक खोली काढली. बाबाजी डिचोलीकडच्या खाणीवर ट्रक चालवायचा, आठवडाभर साखळीला राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. दोन रविवार मिळाले आणि खोली उभी राहिली, कारण चिरे फुकटचे होते.

गोव्याला राज्य मिळालं ते हे वर्ष. कोंकणी की मराठी यावरून ताव्हेर्नात, दारूच्या गुत्त्यात, ग्लास आपटले जात होते, सोयऱ्या-सोयऱ्यांत अबोले धरले जात होते. चोपड्याला मात्र नव्या राज्याकडून पहिली वस्तू मिळाली ती सिमेंटची मानस. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून नदीकाठच्या बांधाला जे दार असतं, त्याला तिथं मानस म्हणतात. जुनी मानस चिऱ्यांची होती, देसायांच्या काळची. ती पाडली आणि चिऱ्यांचा ढीग बांधावर पडला. फुकट ते पौष्टिक! कुणी गोठा बांधला, कुणी न्हाणी बांधली, बाबाजीनं बाळंतिणीची खोली बांधली.

हौसा गवंड्याची लेक. बाप गोव्यात बांधकामाला आला, म्हणून तर ही सोयरीक झाली. भिंत चढताना ती पोट सावरत बघायला गेली होती. पाळणा टांगायचा होता त्या कोपऱ्यात, बसत्या बाईच्या छातीच्या उंचीवर, एक चिरा बसवला होता. त्याला मधोमध वाटीएवढा खळगा, आतून गुळगुळीत झालेला. "असला चिरा आमच्या बानं फेकून दिला असता," ती म्हणाली. बाबाजी नुसता हसला.

मुलगा झाला. आणि दूध! चोळ्या भिजायच्या, अंथरूण भिजायचं. बारशाला त्याचं नाव अक्षय ठेवलं तेव्हा त्याच्या गालाला खळी पडायला लागली होती. हौसा दिवसातून कितीदा तरी त्याला छातीशी धरायची आणि त्याच्या घशातला घुटकघुटक आवाज ऐकत बसायची. एवढं सुख तिला कधी झालं नव्हतं.

बारशानंतर एका दुपारी तिनं त्याला उचललं, तोंडाशी धरलं, आणि त्यानं मान फिरवली. पुन्हा धरलं, पुन्हा फिरवली. ओठ घट्ट मिटलेले, पोट टम्म. तिनं त्याला खांद्यावर टाकून थोपटलं तेव्हा त्यानं मोठा ढेकर दिला, आणि त्या ढेकराचा वास तिच्या नाकात गेला. सुकतीच्या वेळी, नदीचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या चिखलातून वर येतो तो वास. शेवाळाचा, सडक्या शिंपल्यांचा. तान्ह्या पोराच्या तोंडातून.

तिनं त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि सगळी दारं-जनेलं लावून घेतली. वारा नदीकडून येत होता, त्याचाच वास असणार.

२

माणसाच्या मनाला भुतापेक्षा सासू लवकर आठवते. हौसाला पहिला संशय आला तो वत्सलेचा.

"आत्याबाई, तुमी बाळाला वरचं दूध पाजताय काय?"

वत्सला आदोळीवर नारळ खवत होती. ती थांबली. "कित्याक गो पाजीन? तुझ्या अंगार नदी व्हावता मगे."

"मग त्यो पीत का न्हाई माझ्याजवळ? पोट तर भरल्यालं असतंय."

"भरलेलां आसा तर बरांच. देवाक हात जोड." आणि ती पुन्हा खवू लागली. तिच्या तोंडावर राग नव्हता. उलट काहीतरी मनासारखं झाल्याचा आनंद होता, तो हौसाला टोचला.

मग हौसानं पाळत ठेवली. वत्सला शेतावर गेली की ती खोलीतून हलायची नाही. तरी बाळ भरत होतं. मांड्यांना वळ्या पडल्या, मनगटाला दोरा बांधावा तशी घडी पडली. न्हाऊ घालायला येणारी वोयजीण पार्वती, गावातल्या निम्म्या पोरांच्या नाळा कापलेली म्हातारी, त्याला पायांवर घेताना म्हणाली, "जड जालो गो तुझो झील. भिजलेल्या गोणपाटाएवढो जड." असं म्हणून तिनं हात हुंगला आणि धुतला. साबण लावून पुन्हा धुतला.

लंगोट हौसाच धुवायची. त्यांत आता पिवळं नसायचं. करडं, बारीक, बोटांना गाळासारखं लागणारं काहीतरी असायचं. बालदीच्या तळाशी ते बसून राहायचं. एकदा त्यात तांदळाएवढा पांढरा शिंपला सापडला. तिनं तो उचलला, प्रकाशात धरला आणि बालदीच उपडी केली. नदीच्या वाऱ्यावर लंगोट वाळतात, उडून आला असेल. असं तिनं स्वतःला सांगितलं आणि तिला ते पटलंही.

आणखी एक. पोर पीत नाही म्हटल्यावर तिची छाती ठणकायला हवी होती. सकाळी ठणकायचीही. पण दुपारी जेवून ती जरा आडवी व्हायची आणि उठायची ती हलकी होऊन. चोळीच्या गाठी सुटलेल्या. बोंडांभोवतीची कातडी पांढरी, सुरकुतलेली, धुणं धुऊन धुऊन बोटं होतात तशी. झोपेत आपणच त्याला घेतलं असणार, पाजलं असणार, आणि पाळण्यात ठेवून पुन्हा झोपलो असणार. बाळंतिणीची झोप ती, तिला शुद्ध कुठली? फक्त अंगाला तिसऱ्या-शिंपल्यांचा वास का येतो, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. आठ-दहा दिवसांत घरात तिसऱ्या आणल्याच नव्हत्या.

अशाच एका दुपारी ती लवकर जागी झाली. चुटुक चुटुक आवाज येत होता. अंग जड होतं, डोळे उघडत नव्हते. आवाज पाळण्याकडून येत होता. कष्टानं तिनं मान वळवली तेव्हा शेजाऱ्यांची मांजरी भिंतीशी मागच्या पायांवर उभी राहून त्या खळग्याच्या चिऱ्याला चाटत होती. डोळे मिटून, घशात घुरघुर करत, मन लावून.

हौसानं चप्पल फेकली. मांजरी पळाली. चुटुक चुटुक आवाज मात्र आणखी थोडा वेळ येत राहिला.

३

चिरा ओला होता. बाकीची भिंत कोरडी ठणठणीत, आणि तो एक चिरा पाझरत होता. खळग्यात पांढुरकं पाणी साठून त्यावर साय धरली होती. ओलीच्या कडेनं लाल हुमल्यांची, मुंग्यांची, रांग लागली होती. चिखलपाण्याच्या ओलीवर हुमले येत नाहीत हे हौसाला ठाऊक होतं. तिनं बोट बुडवलं. ते कोमट होतं.

आई बाळाचं दूध चाखून बघते, तसं तिचं बोट सवयीनं जिभेला लागलं. लागल्यावर कळलं आपण काय केलं ते. गोड होतं. खारट नाही, कडू नाही, गोड आणि दाट. ती न्हाणीत धावली आणि पोटातलं सगळं बाहेर पडेपर्यंत ओकत राहिली.

मग तिनं भिंत सोड्यानं घासली, उकळतं पाणी मारलं, चुन्याचा हात दिला. दुसऱ्या सकाळी चुन्याचा पापुद्रा सुटून खाली पडला होता आणि त्या जागी तेच.

शनिवारी बाबाजी आला. पोदेराकडून पाव घेऊन, पोराला बघायला उतावीळ झालेला. त्यानं चिऱ्यावर हात फिरवला. "चिरो पाणी ओढता गो. नदी लागीं आसा. पावसाळो सोंपलो म्हणून काय ओल लगेच जायत?"

"पाणी? वास घ्या की जरा."

त्यानं वास घेतला आणि नाक मागं घेतलं.

"आनी ह्यो पाळणा बघा," हौसा म्हणाली. तेवढ्यासाठीच ती शनिवारची वाट बघत होती. तिला ते रोज दिसत होतं, पण कुणाला सांगावं तर वेडी म्हणतील. पाळणा आढ्यापासून टांगला होता, त्याच्या दोऱ्या सरळ खाली यायला हव्या होत्या. त्या तिरप्या होत्या. कोणी मागून धरून ठेवावा तसा पाळणा भिंतीकडं ओढलेला.

"आढां वाकडां असतलां."

हौसानं बापाच्या पिशवीतला ओळंबा आणला होता लग्नात, आठवण म्हणून. तिनं तो काढून पाळण्याशेजारीच आढ्याला बांधला. ओळंबा दोन-चार वेळा झुलला आणि थांबला. दोरी सरळ. शेजारच्या पाळण्याची दोरी तिरपी. दोघं नवराबायको त्या दोन दोऱ्यांकडं बघत उभी राहिली. बाबाजीनं पाळणा हातानं सरळ केला आणि सोडला. तो हळूच, जराही न हिंदकळता, परत भिंतीला जाऊन टेकला. आत अक्षय कुशीवर झोपला होता, तोंड चिऱ्याकडं करून. त्याचे ओठ हलत होते आणि हनुवटीवरून पांढरा ओघळ आला होता.

"त्याला उचला," हौसा म्हणाली. "आदी उचला त्याला."

बाबाजीनं उचलला तेव्हा पोरानं असा टाहो फोडला की वत्सला हातातलं खोरं टाकून धावत आली. आणि भिंतीकडं, पाळण्याकडं, सुनेच्या तोंडाकडं बघून ती हसली. खरोखर हसली.

"पावली," ती म्हणाली. "ती पावली."

४

झालं होतं ते असं. चिरा वत्सलेनंच निवडला होता. ढिगातून शोधून काढला, लेकाकडून उचलवून आणला आणि ओळीत कुठं, किती उंचीवर बसवायचा तेही तिनंच सांगितलं. नात दुधावाचून गेली, हे तिच्याही काळजाला लागलं होतं. सुनेला ती कधी त्यावरून बोलली नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाचं दुःख असंच कुठंतरी फुटतं.

"कुठली ती? कोण पावली?" हौसानं विचारलं.

वत्सला ओसरीवर पाय दुमडून बसली. बांधावर चिखल चढवताना बायका जी गाणी म्हणतात त्यांतलं एक तिनं सुरू केलं. ती मधेच सांगायची, मधेच म्हणायची.

खाजनाचा, खाडीकाठच्या भातशेतांचा, मालक देसाय, घोड्यावरून फिरणारा, सात मुलग्यांचा बाप. त्याचा बांध काही टिकेना. दिवसा बांधावा, भरतीला फुटावा. खारं पाणी शेतात शिरून भात काळं पडावं. त्यानं रेडा दिला, सोनं पुरलं, नदीला पैठणी नेसवली. नदी सगळं खाऊन ढेकर देई आणि बांध फोडी. शेवटी देवाचा कौल झाला. उद्या दुपारी बांधावर पेज घेऊन जी सून पहिली येईल, ती नदीला हवी. सहा भावांनी रात्री आपापल्या बायकांना सांगितलं, उद्या कपाळ दुखतं म्हणून निजून राहा. सातवा लढाईवर होता. त्याच्या बायकोला कोण सांगणार? दुपारी ती आली. डोक्यावर पेजेचं मडकं, कमरेवर तान्हं.

सासऱ्यानं सांगितलं, "सुने, माझी अंगठी मानशीत पडली, काढून दे." ती उतरली. गवंडी चिरे लावू लागले. तिला आधी वाटलं, थट्टाच करतात. वत्सला इथं डोळे मिटून म्हणाली,

*आडवी चिऱ्यांची रांग, घोटो बुडालो गो बाय,*
*तान्ह्याक भूक लागली, पदर सोडूक देशी काय?*

मग गुडघा, मग कंबर. एकेका रांगेला एकेक ओवी. छातीपाशी रांग आली तेव्हा तिला कळलं, आणि ती रडली नाही. गवंड्याला हाक मारून म्हणाली,

*गवंड्या माझ्या भावा, ठेव चिऱ्याक तू खळी,*
*भिंतीआडसून पाजीन माझी तान्ही गो कळी.*

गवंडी रडला आणि त्यानं खळी ठेवली. बांध टिकला. तेव्हापासून ज्या बाईच्या अंगावर दूध नाही, तिनं सुकतीच्या वेळी मानशीवर जावं, खळीला छाती लावावी, पाठ न वळवता परत यावं. वत्सलेच्या आईनं केलं होतं, आजीनं केलं होतं.

"त्या बायका जायत आनी परत येयत," उंबऱ्याशी बसलेली पार्वती मधेच म्हणाली. शनिवारच्या पावासाठी ती आली होती. "चिरो कोणी घरांत हाडूक नाय, वत्सले. दिसरात पाळण्याक लावन कोणी ठेवूक नाय. तुका कळूक जाय होतां."

"सरकारान मानस मोडली मगे! मग बायकांनी जावचां खंय?" वत्सलेचा आवाज चढला. "पडलेलो चिरो. गोठ्यांत लावून कोणी तेच्यार शेण थापला असता. ता बरां जालां असता?"



हौसा इतका वेळ अक्षयला मांडीवर घट्ट धरून होती. तो तिच्या हातांतून खोलीच्या दिशेनं वळवळत होता. "आनी तिचं पोर?" तिनं विचारलं. "त्येचं काय झालं म्होरं?"

"पोराचां काय जातलां? आवय थंय, पोर थंय. दोगांय मानशींत," वत्सला म्हणाली आणि तिनं शेवटची ओवी म्हटली. तिला ती पुण्याची वाटत होती, म्हणून तिनं हात जोडून म्हटली.

*माझ्या दारी येत जी, तिचें बाळ मी पाजीन,*
*तिच्या पदराच्या आड माझें तान्हें निजवीन.*

हौसाचा हात आपसूक छातीवर गेला. दुपारची ती गुंगी, सुटलेल्या गाठी, पांढरी पडलेली कातडी, तिसऱ्यांचा वास. दुपारी आपल्या अंगावर कोण प्यायचं ते तिला कळलं. किळस किळस म्हणतात ती आजवर तिनं गटारापाशी, मेलेल्या कुत्र्यापाशी पाहिली होती. ही किळस तिच्याच कातडीला होती, ती सोलून ठेवता येत नव्हती. बाळ वत्सलेच्या ओटीत टाकून ती न्हाणीत गेली आणि काथ्यानं छाती घासत बसली. रक्त आलं तेव्हा बाबाजीनं हात धरला.

"त्यो चिरा काढा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

५

बाबाजीनं रविवारी सकाळी पहार घातली. वत्सला आड आली नाही, पण घरातही थांबली नाही. चिऱ्यामागं काय असणार? काही नव्हतं. नवं सिमेंट आणि त्यावर ओल. खोलीची भिंतच मुळी एका चिऱ्याची, त्याच्या पलीकडं आवारातलं ऊन. भोकातून ऊन आत आलं तेव्हा हौसाला हसू फुटलं. केवढं भ्यालो आपण!

बाबाजी मात्र हसला नाही. चिरा पोटाशी धरून तो बांधावर गेला आणि नव्या मानशीच्या बाहेरच्या अंगाला, चिखलात टाकून आला. आल्यावर त्यानं हात विजारीला पुसले. जेवताना पुसले, ट्रकवर जायला निघाला तेव्हाही पुसत होता. "मागली बाजू मऊ होती गो," एवढंच तो म्हणाला.

भोक विटा घालून बुजवलं. पाळणा सरळ लोंबायला लागला. हौसानं अक्षयला छातीशी धरलं आणि त्यानं तोंड लावलं, ओढलं, आणि सोडून किंचाळला. दूध येईना. छाती दगडासारखी भरलेली, शिरा हिरव्या तटतटलेल्या, आणि थेंब येईना. शेकून झालं, पिळून झालं. पार्वतीच्या तेलानं झालं. बाळाला दुसरं काही चालेना. गाईचं दूध चमच्यानं घातलं, त्यानं ते नाकातोंडातून बाहेर काढलं. म्हापशाच्या डॉक्टरांनी डब्यातली पावडर दिली, ती पोटात टिकली नाही. डॉक्टर तरुण आणि चांगले होते. पोराच्या मांड्या चाचपून ते म्हणाले, "आतापर्यंत छान दूध मिळालंय याला. कोण पाजत होतं?"

हौसानं मान खाली घातली. "मीच," ती म्हणाली.

मांड्यांच्या वळ्या सैल पडल्या. टाळू खोल गेली. हौसाला ताप चढला होता, छातीत ठणका मावत नव्हता, पण तिचं लक्ष पोराच्या आवाजाकडं होतं. आधी तो कर्कश रडायचा. मग कण्हल्यासारखा रडू लागला. मग मधेमधे थांबू लागला. हे थांबणं तिच्या ओळखीचं होतं. याच्या पुढं काय असतं ते तिनं एकदा पाहिलं होतं.

वत्सला चार दिवस सुनेच्या समोर आली नव्हती. त्या दुपारी आली आणि दाराच्या चौकटीला धरून रडली. "माझांच चुकला गो. पण पोराक घेवन मानशीर वच. माझ्यार राग काढ, तेच्यार नाका."

"मला न्हाई व्हायचं, आत्याबाई. त्ये अंगाला लागतंय, मला न्हाई सोसायचं."

"पोर मरतलां."

 हौसानं अक्षयला पदरात गुंडाळलं.

६

भर दुपारची सुकती होती. नदी मधल्या धारेपुरती उरली होती आणि दोन्ही काठांना चिखल उन्हात चकाकत होता. बांधावर चिटपाखरू नव्हतं. नव्या मानशीच्या सिमेंटवर कुणीतरी 'आमचें गोंय' असं डांबरानं लिहिलं होतं, त्यातलं अर्धं दुसऱ्या कुणीतरी खरवडलं होतं. हौसा मानशीच्या बाजूनं खाली उतरली. पाय पोटरीपर्यंत रुतले. प्रत्येक पावलाला चिखलातून बुडबुडे आणि तो वास वर येत होता. मनातल्या मनात ती बजावत होती, गाणं ते गाणं. दगडाला ओल धरते. माणसाला तापात काहीही वाटतं. पोराला दगडाशी धरायचं, तो पिणार नाही, मग पुढच्या बसनं पणजीच्या मोठ्या इस्पितळात जायचं. इतकं सोपं आहे.

चिरा सापडायला वेळ लागला नाही. तो अर्धा रुतला होता, खळगा वर करून. हुमल्यांची रांग चिखलावरून त्याच्यापर्यंत गेली होती. एवढ्या दिवसांत दोन्ही वेळची भरती त्याच्यावरून जात होती, तरी खळग्यात दाट पांढरं भरलेलं होतं, आणि त्यावर साय होती. कडेनं काळसर, मऊ, चिऱ्याचं नसलेलं काहीतरी फुगून वर आलं होतं. हौसानं ते शेवाळ आहे असं ठरवलं.

ती चिखलात बसली आणि तिनं अक्षयला खाली धरलं. तो तोंड शोधत गेला, ज्या घाईनं तो तिच्याकडं कधी आला नव्हता त्या घाईनं, आणि त्यानं ते शेवाळ तोंडात घेतलं. घुटक. घुटक. त्याचे मिटलेले डोळे सैल झाले. मूठ उघडली. हौसाला ओकारी आणि आनंद एकदमच आला, आणि ती ढसाढसा रडली.

मग तिच्या छातीत कळ आली. इतके दिवस अडलेला पान्हा एकदम फुटला, चोळी चिंब झाली, दूध पोटावरून ओघळून चिखलात टपटपू लागलं. तिच्या मागं, नव्या मानशीच्या खालच्या अंधाऱ्या तोंडातून काहीतरी घसटत येत असल्याचा आवाज झाला. पळावं असं तिला वाटलं. पण पळायचं तर अक्षयला तोडावं लागलं असतं. तो अजून पीत होता, त्याच्या गळ्याची हालचाल तिच्या तळहाताला लागत होती.

आवाज जवळ आला. मांडीवर वजन चढलं, थंड आणि भिजलेलं. तिनं वर आभाळाकडं बघितलं, पण खाली बघावंच लागलं, क्षणभर. एक टाच दिसली. एवढीशी, पाण्यात राहून फुगलेली, पांढरी, आणि तिला काल्वं चिकटलेली, खडकाला चिकटतात तशी. पुढचं दिसू नये म्हणून तिनं घाईनं पदर ओढून घेतला.

पदराखाली तोंड लागलं. त्याला दात नव्हते. ते जोरात ओढत होतं, फार दिवसांच्या भुकेनं, आणि ओढता ओढता त्याला ठसका लागत होता.  तिचं अंग त्या स्पर्शापासून दूर, मागं मागं जाऊ बघत होतं. पण पुन्हा ठसका लागला तेव्हा तिचा मोकळा हात पदराखाली गेला, त्या बुळबुळीत डोक्याखाली शिरला आणि त्यानं ते नीट वर उचलून धरलं.

ठसका थांबला. हौसा समोरच्या काठाकडं बघत बसून राहिली. दोन्ही पोरांची पोटं भरेपर्यंत तिला तिथून उठता येणार नव्हतं.